नानांच्या हातचं

नाना कुणाला ‘नाही’ म्हणत नसत आणि मनात नसलेली गोष्ट कधी करतही नसत. एकाच माणसाला ही दोन्ही कामं कशी जमतात, हे त्यांच्या शेजारी इतकी वर्षं काढूनही मला उमगलं नाही. मी पेणची. आमच्याकडे नको असेल तर नको म्हणतात, तेही रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. नाना म्हणायचे, “आज राहू दे.” बस्स, एवढंच. खानावळीत कुणी पाहुण्याने टेबलावर बाटली काढली की नाना भाकरी वाढता वाढता म्हणायचे, “आज राहू दे, साहेब, पोरंबाळं जेवतायत.” साहेब निमूट बाटली पिशवीत घालायचे. मी असते तर बाटलीसकट साहेबाला समुद्राकडे पाठवलं असतं.

नागावात आमच्या वाडीला लागूनच त्यांची वाडी. मालक मुंबईला, नानांनी चालवायला घेतलेली. नारळी-पोफळीत पाहुण्यांसाठी खोल्या आणि पुढे खानावळ. आमचाही धंदा तोच, त्यामुळे खरं तर आमचं पटायला नको होतं. पण त्यांच्या हातचं खाल्लं आणि मी स्पर्धा सोडून दिली. सुरमईचं कालवण तर करायचेच, पण वालाचं बिरडं करावं ते नानांनीच. माणसं रेवसच्या जेट्टीवरून फोन करायची, “नाना, उतरलोय, बिरडं ठेवा.” मांसाहारी माणसं ताटातली कोलंबी बाजूला सारून बिरडं मागताना मी पाहिलीत.

एवढ्या माणसांना जेवू घालणाऱ्या या माणसाकडे त्याची स्वतःची आई पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हती. नानांना आयुष्यात फार काही नको होतं. आईने एकदा आपल्या हातचं जेवावं, एवढंच हवं होतं. ते त्यांनी मला एकदाच बोलून दाखवलं, पण आजूबाजूच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचं गाव आत, भातशेतीच्या पट्ट्यात. घरात एका महाराजांचं मंडळ. नाव घेत नाही. असली मंडळं पुष्कळ आहेत आणि मला भांडायला वेळ नाही. गळ्यात माळ, गुरुवारी सभा, मासे-मटण बंद. नानांचे वडील गावच्या सभेचे प्रमुख, म्हणून नानांनाही मिसरूड फुटायच्या आधीच माळ घातलेली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग गावातल्या एका मुलीने मंडळाला न विचारता लग्न केलं. पुढे तिचा बाप वारला, तेव्हा वरून निरोप आला की त्या घरी खांदा द्यायला कुणी जायचं नाही. नाना गेले. खांदा दिला, घरी येऊन आंघोळ केली आणि माळ काढून वडिलांच्या हातात ठेवली. म्हणाले, “बा, मला यातलं आता काय खरं वाटत न्हाय. गळ्यात ठेवून तुम्हाला फसवण्यापरीस तुमच्याकडंच असू दे.”

वडील आरडाओरडा करणारे नव्हते. आईने तेवढं सांगितलं, “आजपासून तुझ्या हातचं मला चालायचं न्हाय.” तो मंडळाचा नियम. ज्याने माळ कधी घेतलीच नाही, त्याच्याकडचं साधं जेवण चालतं. घेऊन उतरवली, त्याच्या हातचं पाणीही नाही. नियम करणाऱ्याला माणसाचा जीव कुठे दुखतो ते बरोबर कळलं होतं, एवढं मी म्हणेन. नानांचं लग्नही त्यातच राहिलं. मंडळाबाहेरची मुलगी घरच्यांना नको आणि माळ उतरवलेल्याला मंडळातली कोण देणार? मुलगी कधी बघितलीत का, म्हणून मी एकदा विचारलं. “आज राहू दे, वहिनी,” म्हणाले.

आईवडील अधूनमधून अलिबागमार्गे एसटीने यायचे. पिशवीत स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली. पडवीत बसायचे. नाना बाकड्यावर धुतलेली चादर घालून ठेवायचे, तेवढी चालायची. बसल्या बसल्या वडील सुरू करायचे, “या गुरुवारी ये. नुसता बस. माळेचं मागनं बघू.” नाना म्हणायचे, “आज राहू दे, बा. पाय वर घ्या, सुजलेत.” मग आई डोळ्याला पदर लावायची, आणि मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालता घालता दात-ओठ खायची. पोरगा वाईट मार्गाला लागला असता तरी इतकं रडली नसती ती बाई.

मोठ्या सभेला आईवडिलांना नाना स्वतः गाडीने न्यायचे. आणायचेही. स्वतः मात्र मांडवाबाहेर चपलांपाशी बसून राहायचे. आतून एकेक जण यायचा, या की आत, महाराज बोलणार आहेत आता. “चपला जातात हो,” नाना म्हणायचे. बोलवायला आलेला आपल्या चपला त्यांच्याजवळ सरकवून आत वळायचा, कारण चपला खरंच जायच्या. वडिलांना मोबाइलवर प्रवचन लावायला नानांनीच शिकवलं. त्याचं फळ म्हणून वडील रोज सकाळी नानांना एक प्रवचन पाठवू लागले. घरच्या ग्रुपवर बाकी सगळे हात जोडायचे. नाना लिहायचे, “पोचलं.” रोज न चुकता, “पोचलं.” मी म्हटलं, “अहो, ब्लॉक करा की.” तर म्हणाले, “म्हातारा माणूस सकाळी उठून आठवण काढतो, वहिनी. कशाला?”

पुढे नानांनी मागच्या अंगणात एक वेगळं स्वयंपाकघर बांधलं. नवी शेगडी, नवी भांडी, मासळीचा वासही तिकडे जाऊ नये म्हणून मधे भिंत. पाहुण्यांचा चहासुद्धा तिथे होत नसे. आई आली तेव्हा तिला दाखवलं. तिने एकेक पातेलं हातात घेऊन पाहिलं, फळीवरून बोट फिरवलं. “चांगलं केलंस,” म्हणाली. नाना लहान मुलासारखे उभे होते. मग तिने बाहेर येऊन पिशवीतला डबा उघडला.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी तिला आमच्याकडे बोलावलं आणि मुद्दाम चहा पुढे केला. माझ्या ओट्यावर सकाळचा बांगडा तळून झालेला, वास घरभर. तिने बशीत ओतून चहा प्यायला, वर साखर बेताची आहे म्हणून कौतुक केलं. मी म्हटलं, “माझ्याकडचं चालतं आणि पोटच्या पोराकडचं नाही?” ती म्हणाली, “तुमचं येगळं हाय. तुमी कंदी घेतलीच न्हाय. त्यानं घेऊन टाकली.” पुढे म्हणाली, “बिरडं मीच शिकवलं त्याला. चुलीपाशी बसून वाल सोलायचा माज्यासंगं.” म्हणजे अख्खी मुंबई बोटं चाटत खात होती ते या बाईचं बिरडं, आणि तिलाच ते वर्ज्य. मला तिचा राग यायचा. अजूनही येतो, मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात तरी.

वडील गेले. अग्नी थोरल्या भावाने दिला, त्याच्या गळ्यात माळ होती. नानांनी लाकडं वाहिली. आई एकटी पडली. थोरला उरणला, लहान जागा, नवराबायको दोघं कामावर. म्हणून ती नानांकडे आली. मागच्या स्वयंपाकघरात स्वतःपुरतं रांधून खायची. ती स्वयंपाक करी तोवर नाना बाहेर बसून नारळ खोवायचे आणि खोवलेलं खोबरं तिला न देता खानावळीत न्यायचे. मग ती मोरीत घसरली, खुबा मोडला, आणि रांधणं संपलं.

तेव्हापासून डबा माझ्याकडून जाऊ लागला. मी बिरडं बरं करते, पण नानांसमोर काहीच नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, “तुम्ही करा, मी माझ्या डब्यातून नेते. तिला कुठे कळतंय?” ते तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “मग ती तुमच्या हातचं जेवली असं होईल, वहिनी.” एका गुरुवारी मंडळाचे नवे प्रमुख खिशात कोरी माळ घेऊन आले. “आईसाठी घाला,” म्हणाले, “मनात काय आहे ते कोण बघतंय?” नाना म्हणाले, “तुमच्याच सभेत ऐकलंय, मनातलं सगळं बघणारा असतो म्हणून. आज राहू दे.” आणि त्यांच्यापुढे कोकम सरबत ठेवलं. ते अर्थात त्यांनी घेतलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी मीही नानांना म्हटलं, “घाला हो खोटी. एक दोरा तर आहे.” नाना फक्त हसले. आई आतून सगळं ऐकत होती. रोज तेच म्हणायची, “तू माळ घाल, मी आत्ता जेवते.”

पुढचं थोडक्यात सांगते. आई गेली. तेराव्याचं जेवण मंडळाने त्याच मागच्या स्वयंपाकघरात रांधलं, आणि नानांना वाढायला नको म्हणून सांगितलं. नाना बरं म्हणाले आणि पाहुण्यांच्या गाड्या नीट लावून देत बसले. वर्षभरात त्यांनी वाडी मालकाला परत दिली. आता मुरुडला एका लॉजात स्वयंपाक बघतात असं ऐकते. फोन केला की चांगलं बोलतात, या म्हणतात. मी अजून गेले नाही. गेले तर पुन्हा तेच विचारीन, अशी भीती वाटते.

आई जायच्या महिनाभर आधीची गोष्ट. तिचं भान सुटत चाललं होतं. मला कधी ओळखायची, कधी नाही. नानांना तर ओळखतच नव्हती. त्या दिवशी मी बाजारातून उशिरा आले, घाईघाईत डबा भरून कुंपण ओलांडलं. दारात पोचले तर नाना तिच्या खाटेवर बसलेले, हातात पेजेची वाटी. भुकेने कळवळून तिनेच मागितली असावी. मागच्या स्वयंपाकघरात, नव्या पातेल्यात केलेली पेज. आई त्यांच्याकडे अगदी मायेने बघत होती, परक्या पोराकडे बघावं तशी. “गुणाचा हाईस,” म्हणाली. “मंडळाचा का रं तू?”

आणि तिने तोंड उघडलं.

चमचा भरलेला होता. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तीही नको, गप्प बसून भरवलं असतं तरी चाललं असतं. नाना म्हणाले, “न्हाय, आये. मी नाना.”

तिची नजर त्यांच्या तोंडावरून खाली गळ्याशी गेली. तिथे थोडा वेळ थांबली. मग तिने ओठ मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. भिंतीकडे बघतच तिने विचारलं, “बाईनं डबा आणला का?”

नाना उठले आणि मला जागा दिली. मी भरवलं. ती पोटभर जेवली. हात धुवायला बाहेर आले तेव्हा मी नानांवर धावूनच गेले. म्हटलं, “काय गरज होती? जेवत होती ना ती? इतकी वर्षं याच्यासाठीच थांबला होतात ना?”

“जेवली असती की,” नाना म्हणाले. “पण तिला मी जेवू घालायचं होतं, वहिनी. मंडळाच्या पोराने नाही.”

वाटी त्यांच्या हातातच होती. गार झालेली ती पेज नानांनी तिथेच उभ्याउभ्या खाऊन टाकली.