दोन डब्यांचं पीठ, एक पाव

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत सगळे मिळून खातात तो प्रभुभोजनाचा पाव गेली बावीस वर्षं पाववाल्या मावशीच भाजतात. शिवणकामावर पोट भरणाऱ्या, ठेंगण्या, जिभेच्या फटकळ. रीत अशी, की शनिवारी सकाळी घरटी एकेक मूठ पीठ मावशींच्या ओट्यावरच्या डब्यात पडतं. कुणाचं जाडंभरडं, कुणाचं मैद्यासारखं मऊ. मावशी ते एकत्र मळतात आणि त्यातला लिंबाएवढा गोळा पुढच्या आठवड्याच्या आंबवणासाठी बरणीत टाकून ठेवतात.

रीत घालून दिली आधीच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांचं लिखाण त्यांना फार प्रिय. एकीबद्दल सांगायचं झालं की ती जुनी माणसं दाखल्यांसाठी थेट शेतात शिरत. डोंगरउतारांवर विखुरलेले दाणे गोळा होतात नि त्यांची एक भाकर होते, फांद्या वेलीला धरून असतात, असं काय काय. मावशी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, दळताना दाण्याला काय वाटतं ते कुणी लिहिलेलं दिसत नाही.

यंदा ते कळायची पाळी आली. उपासना सकाळी की संध्याकाळी, यावरून मंडळी दुभंगली. संध्याकाळवाल्यांचे पुढारी मावशींचे सख्खे थोरले भाऊ, दादा. त्या शनिवारी ओट्यावर दोन डबे आले. दादांनी बजावलं, आमचा पाव आमच्याच पिठाचा, त्यांच्यातला कणही नको. सकाळवाल्यांचाही निरोप तोच. मावशींचं तोंड उतरलं. दोन पाव भाजले तर फूट कायमची, तीही त्यांच्या हातून. नाही भाजले तर भाऊ तुटणार.

त्यांनी दादांना ओट्याशी बोलावलं आणि बरणीचं झाकण काढलं. आंबट वास खोलीभर पसरला.

“दादा, याच्याशिवाय पाव फुगत नाही. यात बावीस वर्षांचं पीठ आहे. तुझ्या घरचं, त्यांच्याही घरचं. वहिनी गेली त्या आठवड्यातली तिची मूठसुद्धा. तुमचं तेवढं वेचून दे, वेगळा पाव भाजते.”

दादांनी वाकून बरणीत पाहिलं.

“तुझं आपलं काहीतरीच असतं,” ते म्हणाले. पण डबा न उचलताच गेले.

मावशींनी दोन्ही डबे एकाच परातीत उपडे केले. आताच्या पाळकांनी रविवारी सकाळच्या उपासनेत अर्धा पाव मोडला, अर्धा संध्याकाळच्या उपासनेसाठी झाकून ठेवला. तेव्हापासून हेच चाललंय. संध्याकाळपर्यंत पाव वातड होतो. तक्रार आली तेव्हा मावशींनी सांगितलं, ताजा हवा असेल त्याने सकाळी यावं. तीन घरं यायलाही लागली.

दादा नाही. ते संध्याकाळीच येतात. दातांनी साथ सोडल्यामुळे तो तुकडा चघळत बसतात. तेवढा वेळ त्यांना भांडता येत नाही, सध्या एवढंही पुष्कळ झालं, असं मावशींचं म्हणणं.