तिरक्या चौकटींचा खिसा

मी लग्नाचे फोटो काढते, त्यामुळे गुळगुळीत तोंडांचा मला मनापासून वीट आलाय. उजेड कमी पडला की कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, चढवावा लागतो, आणि तो चढवला की फोटोभर वाळूसारखे दाणे येतात. आम्ही त्याला नॉइज म्हणतो. गिऱ्हाईक म्हणतं, फोटो फुटला, साफ करून द्या. साफ करणाऱ्या अ‍ॅपला दाणा कुठला आणि कापडाची वीण कुठली हे कळत नाही. बारीक दिसेल ते सगळं ते पुसून टाकतं आणि मोकळ्या जागी मनाला येईल ते भरतं. वाडीत हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. ऐकतंय कोण?

त्या दिवशी दिवेलागणीला मी तोंडवलीच्या किनाऱ्यावर एका जोडप्याचे फोटो काढत होते. आमच्या वाडीची रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, पाण्यात होती. बाहेरची एक मोठी होडी सरळ त्या जाळ्यावरून गेली आणि जाळं फाटलं. वाडीने ती होडी घेरून किनाऱ्याला आणली. तिचे खलाशी उतरले तेच दांडकी घेऊन. मग आपला कोण आणि परका कोण, काही राहिलं नाही. वल्ही, दगड, हाताला लागेल ते. एकाचं नाक फुटलं, एकाचा हात कोपरापासून लोंबायला लागला. माझा धाकटा भाऊ त्यात होता. मी घाबरून बटण दाबत राहिले, दुसरं काही सुचलंच नाही. एक वल्हं वर गेलं, खाली आलं, आणि भाऊ डोळा दाबून वाळूत पडला. त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं.

डोळा गेला. रात्रीच डॉक्टरांनी सांगितलं.

वल्हं उगारलेला फोटो चुलतभावाने मागितला, मी पाठवला. नुसते दाणे होते, चेहरा कसला दिसतोय. त्या शहाण्याने तो फोनवरच्या अ‍ॅपमधून काढला, आणि सकाळी वाडीतल्या प्रत्येक फोनवर एक स्वच्छ माणूस आला. नीट दाढी, साधा करडा शर्ट. वरच्या वाडीतल्या एकाशी तोंडावळा जुळत होता. तो पूर्वी असल्याच होड्यांवर खलाशी होता, एवढं पुरलं. मारामारी सोडवायला तो आला होता, हे मी सांगितलं तर मलाच गप्प बसवलं.

त्याला घरातून ओढून देवळासमोर आणला. आमच्याकडे आळ आला की माणूस देवीसमोर नारळावर हात ठेवून सांगतो, आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. तोही तेच म्हणाला, "चला देवळात, नारळार हात ठेवून सांगतंय."

"फोटो आसा मा? मगे नारळ कित्याक होयो?" चुलतभाऊ म्हणाला आणि त्याने पहिली लाथ घातली.

मी घरी कॅमेऱ्यावर मूळ फोटो उघडून बसले होते. त्या उजेडात माझा कॅमेरा दाढीचे केस टिपूच शकत नव्हता, आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. फोटो मोठा करत गेले. दाण्यांच्या आड शर्टावर बारीक चौकटी होत्या. खिशावरच्या चौकटी तिरक्या होत्या. तो शर्ट चतुर्थीला कणकवलीहून मीच आणला होता, बाबांसाठी.

कॅमेरा घेऊन धावले. त्या माणसाचे दात पडले होते, तरी मारत होते. बाबा पाराजवळ उभे राहून बघत होते. मी कॅमेरा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"माका तेव्हाच कळला," ते म्हणाले. "काळोखात माका वाटला, समोर खलाशी आसा, आपलो पोरगो नाय."

मला त्यांचा भयंकर राग आला. मी त्यांना दंडाला धरून गर्दीत ढकललं. ते मोठ्याने म्हणाले, "सोडा त्याका. वल्हा माझा होता."

चुलतभावाने त्यांच्यासमोर फोन धरला. "काका, हेच्यात तुमी खंय आसात? पोराच्या दुःखान तुमका भ्रम झालो हा." आणि परत लाथ.

मी कॅमेरा पट्ट्याला धरून फिरवला आणि त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, लेन्स फुटली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मारणाऱ्यांचे हात थांबले तेव्हा कुठे मी बाबांच्या अंगातल्या धुतलेल्या शर्टाचा खिसा कॅमेऱ्यातल्या फोटोशेजारी धरून सगळ्यांना दाखवला.

तो माणूस आता पातळ पेजेवर आहे. भावालाही सगळं कळलंय. रोज सकाळी बाबा त्याच्या जखमेत औषध घालतात. बाबा जवळ आले की तो चांगला डोळाही मिटून घेतो, आणि ते गेल्यावरच उघडतो.