आकडा उघडला का?

"आकडा उघडला का गो?" कुंपणापलीकडून हाक यायची. गुरुवारची सकाळ, समुद्राकडून धुकं दारापर्यंत आलेलं, मी अर्धवट झोपेत चहा ढवळत उभी.

परदेशात, वॉलॉंगॉंगला राहायला आले त्याच आठवड्यात ही हाक ऐकली आणि मनात म्हटलं, झालं! वसईची, रविवारी न चुकता चर्चला जाणारी शेजारची आंटी चक्क मटका खेळते! तुम्हालाही हेच वाटलं असतं. मी तर नवऱ्याला सांगूनही टाकलं.

मग एकदा तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. सरकारी आरोग्य खात्याचं पान होतं. आमच्या भागातले किती जण त्या आठवड्यात दम लागून हॉस्पिटलात गेले, तो आकडा, दर गुरुवारी नवा. कुणीही उघडावं, बघावं. आंटीला जुना दमा. मुलगा म्हणायचा, "मम्मी, तुझ्या मनाचे खेळ आहेत. रिलॅक्स."

आकडा चढला की ती फोन त्याच्यापुढे नाचवायची. "माझ्या मनाचे खेळ, तर एवढ्यांना एकदम कसा रे दम लागला?" तो मुकाट्यानं गाडीची किल्ली उचलायचा, डॉक्टरकडे न्यायचा. आकडा उतरला की ती मेणबत्ती लावायची. "सगळ्यांना बरं वाटूदे गो."

एका गुरुवारी पान उघडेना. लॉगिन मागायला लागलं. मी आरोग्य खात्याला फोन केला, तर म्हणे आता ते फक्त खात्यातल्या लोकांसाठी. वर "नो वरीज" आहेच! असली चीड आली. श्वास आमचे, आणि बघायची आम्हालाच चोरी?

"तुमचा मटका बंद झाला, आंटी," मी थट्टेनं म्हटलं. ती हसली नाही. धुक्यात तिचा पांढरा स्वेटर तेवढा दिसत होता.

"आता मी एकटीच खोकते गो," ती म्हणाली.

मुलाचं "रिलॅक्स" पुन्हा सुरू झालं. जमेल तेव्हा मीच तिला डॉक्टरकडे न्यायची. थंडीत एका सकाळी ॲम्ब्युलन्स आली. आंटी परत आली नाही. फार प्रेम होतं माझं तिच्यावर.

परवा, गुरुवारीच, कुंपणापलीकडून हाक आली, "आकडा उघडला का?" मी चहा ठेवून कुंपणाशी गेले. तिचा मुलगा उभा होता, फोन धरून.

"त्या आठवड्यात मम्मीला मोजलं असेल ना?"

"असेल रे," मी म्हटलं. "पण आपल्याला दाखवणार नाहीत."