शून्यांची जागा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठतो. आजही तसंच होईल की काय — बघू.

मी यवतमाळात पॉलिटेक्निकच्या मुलांना मायक्रोप्रोसेसर शिकवतो. लॅबच्या कपाटात आमच्या वेळची जुनी कीटं अजून आहेत. पडदा नाही, की-बोर्ड नाही. कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि वर लाल आकडे. आत मॉनिटर नावाचा छोटासा प्रोग्राम कायमचा बसवलेला. त्याला येतं ते इतकंच — मेमरीच्या एखाद्या घरात काय आहे ते दाखवायचं, तिथला आकडा बदलायचा, आपला प्रोग्राम एकेक पाऊल चालवून चूक दाखवायची. आजची मुलं हसतात. आमचा डिप्लोमा त्यावरच झाला. आणि मला त्यातलं फारसं काही येत नव्हतं — हे मी मुलांना सांगत नाही.

वंदनाला यायचं. ती राजूरची, वडील कोळसा खाणीत. लॅबमध्ये आम्ही दोघं एका कीटवर. एकेक आकडा हाताने टाकायचा, आणि मधला एखादा राहिला की पुढचे सगळे खाली सरकवून पुन्हा टाकायचे. तिने त्यावर तोड काढली होती. मधूनमधून काही घरांत नुसती शून्यं टाकून ठेवायची. शून्य आलं की यंत्र काहीही न करता पुढे जातं. काही राहून गेलंच तर ते तिथे बसवता येतं. "जागा सोडत जाय मधात," ती मला म्हणायची. "एखादा सुटला त सारं पुन्हा टाकत बसशीन काय?" मी मान हलवायचो आणि सोडायचो नाही. कशाला सोडू? माझं ती दुरुस्त करून द्यायचीच.

शेवटच्या प्रॅक्टिकलला कीटं कमी आणि मुलं जास्त. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांना एकच प्रश्न दिला. एकाने कीटवर चालवून पाहायचं, तोवर दुसऱ्याने कागदावर लिहायचं. वंदनाने आधी चालवलं, उत्तर बरोबर आलं, तिने रिसेट दाबलं आणि बाकावर कागद पुरा करायला गेली. कीट बंद केलं नाही. आमची कीटं एकदा बंद झाली की पुन्हा चालू व्हायला रुसायची, म्हणून कोणीच बंद करत नसे. आणि रिसेटने मेमरी पुसली जात नाही — हे मला तिनेच शिकवलं होतं.

माझा कागद कोरा होता. मी पहिलं घर उघडलं. तिचा पहिला आकडा समोर आला. पुढचं बटण दाबत गेलो, उतरवत गेलो. शून्यं आली, तीही उतरवली. तेव्हा लाज वाटली का? नाही. हायसं वाटलं.

कागद एकदमच जमा झाले. परीक्षकांना दोन कागदांत त्याच ठिकाणी तीच शून्यं दिसली. त्यांनी दोघांना बोलावलं आणि विचारलं, ही कशासाठी? मी पुढे उभा होतो. मी सांगून टाकलं — तिने मला समजावलं होतं तसंच, घडाघडा. मग तिला विचारलं. तिनेही तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. दुसऱ्यांदा ऐकलेलं उत्तर पाठ केल्यासारखंच वाटणार ना? शेजारीच उभ्या असलेल्या आमच्या सरांचं माझ्या वडिलांकडे येणं-जाणं होतं. सर म्हणाले, हा तसा पोरगा नाही. तरी परीक्षकांनी मला सरळ विचारलं — तू हिचं पाहिलंस का?

वंदना माझ्याकडे बघत होती. घाबरलेली अजिबात नव्हती. मी सांगणार याची तिला खात्रीच होती. "सांग ना सरले," ती परीक्षकांकडे हात करून म्हणाली.

मी म्हणालो, नाही पाहिलं.

म्हणजे पाहिलं ते तिनेच, असं धरून तिला त्या प्रॅक्टिकलला नापास केलं. नागपूरच्या एका कारखान्यात तिची निवड झाली होती, अट एकच — सगळे विषय एका दमात सुटले पाहिजेत. पुढच्या खेपेला ती पास झाली, पण तोवर तिथे दुसऱ्या कोणाला घेतलं होतं. ती माझ्याशी भांडली नाही. बोलायची थांबली, एवढंच. आता वणीला असते, लहान मुलांच्या शिकवण्या घेते असं ऐकून आहे. वणीची बस रोज माझ्या कॉलेजसमोरून जाते. मी कधी गेलो नाही.

दरवर्षी मी मुलांना शून्यं सोडायला शिकवतो. मुलं त्याला "सरांची जागा" म्हणतात. मध्यंतरी एका मुलीने विचारलं, "सर, हे तुमाले कोनं शिकोलं?" मी म्हणालो, अनुभवाने. बघा — अजून तेच चालू आहे.

तुम्हाला वाटेल, वय लहान, घाबरला असेल. मी घाबरलो नव्हतो. माझा आवाजही हलला नाही. माझ्या एका शब्दाने तिचं काय जाणार हे त्या खोलीत तिच्याखालोखाल मलाच माहीत होतं. निवड झाली त्या दिवशी पहिला पेढा तिने माझ्याच हातावर ठेवला होता.