केसाएवढी चीर
आज खंडेनवमी. पूजेसाठी तलवारी पुसताना पात्यांना लावायच्या लवंगतेलाचा वास आला आणि शिंदे की छावनीतल्या सासरच्या घरातली ती नवमी आठवली. मधोमध सासऱ्यांची जपानी तलवार मांडलेली, त्यांच्या वडिलांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेली. “सूनबाई, तुम्ही अशा तलवारी जमवता, सांगा सगळ्यांना,” ते ऐटीत म्हणाले. मी पातं उजेडात धरलं. धारेतून केसाएवढी चीर सरळ आत शिरली होती. “मामंजी, ही तलवार मेलेली आहे. पहिल्या घावात तुटेल.” दीर हसले, “बाबा, इतकी वर्षं कबाडच पूजलं की!” सासऱ्यांनी हळूच विचारलं, “दुरुस्त होईल?” “नाही.” भंगलेलं शस्त्र पूजेत चालत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच ती उचलून बाहेर ठेवली आणि ते जेवायला बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या तलवारीच्या मुठीजवळची नक्षीदार चकती माझ्या संग्रहासाठी सोडवून घेतली. चकतीला चीर नव्हती.