पडद्याकडे न बघणारी

लहानपणी मला पिक्चर आवडत नसत, आणि जळगावातल्या आमच्या गल्लीत हा काळजीचा विषय होता. बाकीची पोरं पिक्चरला नेलं नाही म्हणून रडायची, मी नेलं म्हणून रडायचे. कारण साधं होतं. माझा त्या पडद्यावरच्या लोकांवर विश्वास नव्हता. एका पिक्चरमध्ये गोळी लागून मेलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या टॉकीजमध्ये मोटारसायकलवर बसून गाणं म्हणायचा, आणि या फसवणुकीबद्दल एकही मोठं माणूस तक्रार करायचं नाही. उलट बायका पदराने डोळे पुसायच्या. मी पडद्याकडे पाठ करून त्या रडणाऱ्या बायकांकडे बघत बसायचे. तेवढंच काय ते खरं वाटायचं.

हा संशयी स्वभाव मी आईकडून घेतला. आई भाजी घेताना तराजूच्या काट्याकडे नाही, भाजीवाल्याच्या अंगठ्याकडे बघायची. एरवी ती शहरातल्यासारखं बोलायची, पण संशय आला की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची. "काहीतरी शे," म्हणजे काहीतरी आहे, एवढंच म्हणायची आणि गप्प बसायची. ती गप्प बसली की आम्ही भावंडं आपापले हात लपवायचो.

ऐंशीच्या सुमारास ताईचं लग्न ठरलं आणि आईला त्या दोन शब्दांतून उसंतच मिळेना. मुलगा धुळ्याचा, सरकारी कचेरीत कारकून. उंच, हसरा, हळू बोलणारा. त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही, पत्रिकासुद्धा मागितली नाही. वडील खूश झाले. आई म्हणाली, "मागत नाहीत म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय." साखरपुडा झाला तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांना दाजी म्हणायला मला बंदी होती. लग्न लागेपर्यंत ते धुळ्याचे पाहुणेच.

तेव्हा साखरपुडा झालेल्या जोडप्याला भेटायची एकच रीत होती. दिवसाउजेडी पिक्चरला जायचं आणि सोबत घरातलं एक लहान मूल न्यायचं. ताई म्हणाली, "मी धाकट्याला नेते." धाकटा भाऊ सात वर्षांचा आणि पिक्चरचा वेडा. आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "त्याला नेऊन काय उपयोग? पडदा उजळला की शेजारी आग लागली तरी त्याला कळायचं नाही. हिला ने. ही पडद्याकडे बघतच नाही."

अशी नऊ वर्षांच्या वयात मी पहाऱ्यावर लागले. ताईचा चेहरा उतरला. चेहरा उतरला म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे, एवढं मला आईच्या हाताखाली राहून समजत होतं.

पहिल्या दोन रविवारी मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. पाहुणे सकाळच्या एसटीने यायचे, दुपारी बाराच्या खेळाला आम्ही जायचो आणि साडेतीनच्या गाडीने ते धुळ्याला परत. थांबा, जेवून जा, म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, अंधार पडायच्या आत पोचायला हवं. टॉकीजला अर्धा तास आधी जायचं, दिवे चालू असतानाच खुर्चीत बसायचं, आणि मध्यंतरात शेंगदाणे आणायलाही उठायचं नाही, अशी त्यांची पद्धत. घरी आल्यावर आई मला मोरीजवळ गाठायची. "बठ्ठं सांग माले." मी सगळं सांगायचे. हात धरला नाही, कानात बोलले पण थोडंच, शेंगदाणे मीच आणले. संध्याकाळी हा माणूस कुठल्या तरी अड्ड्यावर बसत असणार, असा आईने मनाशी हिशेब बांधला.

मला मात्र एक गोष्ट आईला सांगायची नव्हती. पाहुणे मला आवडायला लागले होते. टॉकीजमधून बाहेर पडताना गर्दीच्या अंधाऱ्या जिन्यात ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "चला छोट्या बाई, तुम्ही पुढे." आमच्या घरात माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवत नसे. उजेडात मी त्यांना जीभ काढून दाखवली की तेही लगेच नाक फेंदारून दाखवायचे. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी नाक फेंदारतो, याचा मला फार अभिमान वाटायचा.

तिसऱ्या रविवारी आमचा टांगा रेल्वेच्या फाटकात अडकला. मालगाडी संपता संपेना. पाहुणे घामाघूम झाले, सारखे घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "सुरुवातीच्या जाहिराती तर बुडतील, त्यात काय?" ते हसले नाहीत. ताई मलाच म्हणाली, "तू गप्प बस."

आम्ही पोचलो तेव्हा आत अंधार झाला होता. डोअरकीपर बॅटरी दाखवून लगेच पाठ फिरवून गेला. पाहुण्यांनी माझा खांदा धरला, नेहमीसारखा नाही, बोटं रुततील असा. पायरीवर त्यांचा पाय चुकला. कुणाच्या तरी मांडीवर ते आदळले, कुणीतरी शिवी दिली. ताई पुढे होऊन "इकडे, इकडे" म्हणत राहिली. खुर्चीत बसल्यावर मी वळून त्यांच्या तोंडासमोर जीभ काढली. पडद्याच्या उजेडात मला त्यांचे डोळे स्पष्ट दिसत होते. ते माझ्याकडेच वळलेले होते, पण नाक फेंदारलं गेलं नाही. मी आणखी जवळ गेले, डोळे फिरवले, गाल फुगवले. काही नाही. ते विचारत होते, "छोट्या बाई कुठे बसल्या?"

मला सगळं एकदम कळलं आणि फार राग आला. अंधारात या माणसाला दिसत नव्हतं. खांद्यावरचा तो हात मायेचा नव्हता, त्यांना काठी हवी होती आणि माझा खांदा त्या उंचीला होता. पिक्चरमधल्या लोकांनी फसवलं तर मी पाठ फिरवायचे. इथे तेही जमण्यासारखं नव्हतं, कारण पिक्चर सुटल्यावर तो हात पुन्हा माझ्याच खांद्यावर आला. घरी गेल्यावर आईने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं.

आई ओरडली नाही. "काहीतरी शे" हेही म्हणाली नाही. पुढच्या रविवारी तिने पाहुण्यांना चहाच्या, मग फराळाच्या, मग येणाऱ्या कुणा आत्याच्या निमित्ताने थांबवून घेतलं. साडेतीनची गाडी गेली, पाचचीही गेली. दिवेलागण झाली तरी आईने दिवा लावला नाही, आणि माजघराच्या दारात पाण्याने भरलेली बादली ठेवली. मग त्यांना आत हाक मारली.

ते आत आले आणि बादलीला धडकले. पाणी सगळीकडे झालं. पँट गुडघ्यापर्यंत ओली. ते तिथेच उभे राहिले, एक हात पुढे करून, आणि म्हणाले, "माफ करा." त्यांनी माफी मागितली. आईने बटण दाबलं. दिवा लागला तेव्हा आम्ही सगळे भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत होतो. मला तेव्हाही लाज वाटली, आणि पुढे कधी ती कमी झाली नाही.

वडील त्यांना स्टँडवर सोडून आले. आठवड्याभरात साखरपुड्याची साडी आणि अंगठी धुळ्याला परत गेली. रातांधळ्या माणसाच्या हाती मुलगी देत नाहीत, यावर गल्लीत कुणाचं दुमत नव्हतं. माझं तर कौतुकच झालं. पोरीची नजर म्हणजे नजर, असं शेजारच्या अक्का म्हणाल्या आणि मला साखर दिली. ती मी खाल्ली.

ताई रडली नाही. ती कपडे वाळत घालत असताना मी तिच्याजवळ जाऊन चिमटे देत उभी राहिले. तिने ते घेतले, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग मीच म्हणाले, "त्यांनी तुला फसवलं होतं ना, ताई."

"पहिल्याच पिक्चरला सांगितलं होतं त्यांनी मला," ती म्हणाली. "दिवे जायच्या आधी. सगळं. पुढे कमी दिसेल का जास्त, तेही माहीत नाही म्हणाले. नको असेल तर आत्ताच सांगा, म्हणाले."

"मग तू आईला का नाही सांगितलंस?"

तिने वडिलांचा शर्ट झटकला, दोरीवर टाकला आणि त्याच्या बाह्या नीट केल्या.

"लग्न झाल्यावर सांगणार होतो," ती म्हणाली. "दोघं मिळून."