हळूहळू उतरणारी आकृती

आमच्या भूमितीच्या सरांइतका उतावळा माणूस पाटोदा तालुक्यात दुसरा झाला नाही. चहा निवायची वाट त्यांनी कधी पाहिली नाही. जीभ बारा महिने पोळलेली. स्टँडवर दिसेल ती एसटी आधी धरायचे, पाटी नंतर वाचायचे. एकदा बीडला निघालेले सर उलट्या दिशेच्या कडा गावात उतरले आणि "आलोच हाय तर" म्हणून तिथल्या शाळेत एक तास घेऊन आले.

शाळेत कॉम्प्युटर आला, मागून इंटरनेट आलं, तेव्हा मी तिथे ग्रंथपाल होतो. इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं आणि फोन एकच, हेडमास्तरांच्या टेबलावरचा. सरांनी त्याची वायर खिडकीतून काढली आणि कडुनिंबाच्या फांदीवरून नववीच्या वर्गात नेली. पुण्याच्या कुणा प्राध्यापकांनी भूमितीचे धडे इंटरनेटवर ठेवले होते, ते सर मुलांना दाखवायचे. आधी सगळ्यांना उभं करून पडद्याला नमस्ते म्हणायला लावत. लाइन तुटली की सांगत, "गुरुजी पाणी प्यायला गेलेत."

आकृती मात्र वरून खाली, ओळीओळीनं उतरायची. एकेकीला पाव तास. आणि इथे हा उतावळा माणूस हाताची घडी घालून शांत बसे. पडद्यावर दोन तिरप्या रेघा दिसल्या की विचारी, "काय हाय?"

"त्रिकोण हाय, सर!"

"न्हाई बे, चौकोनाचं टोक हाय."

"कावून? कारण सांग," सर म्हणत.

आकृती पुरी होईपर्यंत वर्गात भांडण पेटलेलं असे आणि प्रत्येकाच्या वहीत ज्याची त्याची आकृती.

मधल्या सुट्टीतही पोरं तिथेच. माझं वाचनालय ओस पडलं. मला ते लागलं होतं, पण मी कुणापाशी बोललो नाही. पुढे फोन सारखा अडकतो म्हणून हेडमास्तरांनी बैठक घेतली. वर्ग चालू ठेवावा की बंद करावा, यावर शिक्षक निम्मे निम्मे झाले. हेडमास्तर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "एका चित्राला पाव तास लागतो. तेवढ्यात मी पुस्तकातली वीस दाखवीन."

सगळे हसले. सरही हसले. त्याच दुपारी वायर निघाली आणि कॉम्प्युटर टायपिंगसाठी ऑफिसात गेला.

संध्याकाळी सर वाचनालयात आले. मला वाटलं, भांडतील. ते म्हणाले, "तुमी म्हणलात ती वीस चित्रं काढून ठेवा. उद्या पोरं घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी आणली. पोरं पुस्तकाभोवती बसली. मी पान उघडलं. आकृती पुरी होती. पोरांनी ती गुपचूप उतरवून घेतली. घंटा होईपर्यंत सर खिडकीतून बाहेर बघत उभे होते.

गेल्या महिन्यात सर गेले. मी घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाव लई काढायचे. म्हणायचे, पोरांना पुस्तकाची गोडी ग्रंथपालांनीच लावली."

खरं काय झालं होतं ते सांगावं म्हणून मी जरा पुढे सरकलो. तेवढ्यात दारात आणखी माणसं आली. वहिनी उठल्या, आणि मी आलेल्यांना बसायला जागा करून दिली.